स्कॉचची सुरुवात एका बाटलीने करू नका

प्रश्न असा आला आहे: "वय ३१, पुण्यात नोकरी. आजवर बिअर, नाहीतर मित्रांसोबत बसलो की सोडा घालून जी मिळेल ती व्हिस्की. आता स्कॉच नीट समजून घ्यायची आहे. मावसभाऊ लंडनहून येतोय आणि कुठली बाटली आणू म्हणून विचारतोय. मित्र म्हणतात, घ्यायची तर सिंगल माल्टच, आणि तीही १८ वर्षांची. हे खरं आहे का? सुरुवात कुठून करू?"

मावसभावाला आजच कळवा: एक भारी बाटली आणू नकोस, बेताच्या दोन आण. आणि त्या दोघींचं एकमेकींशी अजिबात जुळता कामा नये.

हॉटेलच्या बारमागे माझी बरीच वर्षं गेली, आता हौशी लोकांना चव घ्यायला शिकवतो. नवख्या माणसाला एकट्या ग्लासातून "जळजळली" किंवा "स्मूद आहे" याच्या पलीकडे फारसं कळत नाही. त्याच माणसाच्या पुढ्यात दुसरा ग्लास ठेवा, दोन मिनिटांत तो बोलायला लागतो: याला मनुकांचा वास येतोय, त्याला व्हॅनिलाचा. नाक तेच असतं, फक्त त्याला तुलनेला काहीतरी मिळालेलं असतं. म्हणून पुढे जे सांगतोय ते जोड्यांनी सांगतोय.

आधी लेबल. स्कॉचचं लेबल कायद्याने बांधलेलं आहे आणि ते वाचता आलं की दुकानातली निम्मी फसगत टळते. २००९च्या ब्रिटिश नियमांनुसार स्कॉच स्कॉटलंडमध्येच गाळलेली आणि तिथेच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली असावी लागते. पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. बाटलीत अल्कोहोल किमान ४० टक्के हवं. वरून घालायची मुभा दोनच गोष्टींना आहे, पाणी आणि रंगासाठी साधं कॅरमल. म्हणजे गडद सोनेरी रंग बघून "वा, काय मुरलीये" म्हणायची सोय नाही, तो रंग कॅरमलचाही असू शकतो.

नियमांत प्रकार पाच आहेत, तुम्हाला सध्या तीन पुरेत. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आणलेल्या बार्लीची, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे गाळायच्या हंड्यात, गाळलेली. इथे "सिंगल" डिस्टिलरीला लागू होतं, पिंपाला नाही. बहुतेक सिंगल माल्ट पुष्कळ पिंपं एकत्र करूनच भरतात. ब्लेंडेड स्कॉच म्हणजे माल्ट आणि ग्रेन व्हिस्कीचं मिश्रण. ग्रेन म्हणजे बहुधा गहू किंवा मका घेऊन, उंच कॉलम स्टिलमध्ये काढलेली हलकी व्हिस्की. तिसरा प्रकार ब्लेंडेड माल्ट: वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांची माल्ट एकत्र, ग्रेन अजिबात नाही. मंकी शोल्डर ही यातली, आणि नवख्यासाठी सोपी.

इथे एक गोष्ट मध्येच सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कींमध्ये उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तेव्हा कॉलेजच्या दिवसांत ती पिऊन "आपल्याला व्हिस्की जमत नाही" असं ठरवलेल्यांनी तो निकाल रद्द समजावा. याउलट टीचर्स, व्हॅट ६९ किंवा ब्लॅक डॉग यांच्यावर "भारतात बाटलीबंद" असं दिसलं तर घाबरू नका. स्कॉटलंडमध्ये मुरलेली व्हिस्की मोठ्या टाक्यांतून इथे येते, पाणी घालून बाटलीत भरली जाते, आणि ती स्कॉचच असते. त्यांच्यावर बहुधा ४२.८ टक्के असा चमत्कारिक आकडा दिसेल. तो अल्कोहोल मोजायच्या जुन्या ब्रिटिश प्रूफ मापातून आलाय. सिंगल माल्ट स्कॉच मात्र नोव्हेंबर २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. कुणी भारतात भरलेली सिंगल माल्ट स्कॉच दाखवली तर पैसे खिशातच ठेवा.

आता मित्रांचं म्हणणं. "सिंगल माल्टच घे" हे मला पटत नाही. जगात विकल्या जाणाऱ्या स्कॉचमध्ये मोठा वाटा ब्लेंडचाच आहे, आणि चांगला ब्लेंड बांधणं हे अवघड काम आहे. पहिला धडा ब्लेंडवरच घ्या, कारण तो कुठल्याही बऱ्या वाइन शॉपमधून किंवा परमिट रूममधून घेता येतो: जॉनी वॉकर ब्लॅक लेबल आणि शिवास रीगल १२. बारमध्ये दोन्हींचा एकेक स्मॉल मागवा, बर्फ आणि सोडा नको म्हणून सांगा. आधी शिवासचा वास घ्या: मध, सफरचंद, थोडी मलईदार गोडी. मग ब्लॅक लेबल. सुरुवातीला तीही गोडच वाटते, टॉफी, सुका मेवा. घोट गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. घशाच्या मागून एक बारीक धूर वर येतो, शिवासमध्ये तो असा येत नाही. तो स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या कूल ईलासारख्या डिस्टिलरीच्या माल्टचा. वर्षानुवर्षं सोड्यात ब्लॅक लेबल पिणाऱ्यांना हा धूर कधी दिसलेला नसतो, आणि पहिल्यांदा सापडला की ते ग्लासकडे संशयाने बघतात.

या धुराकडे परत येऊ. त्याआधी लाकूड, कारण माल्टच्या चवीचा मोठा भाग पिंपातून येतो. डिस्टिलरीतून निघालेलं स्पिरिट पाण्यासारखं पारदर्शक असतं.

पिंपं मुख्यतः दोन घराण्यांची. अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी आतून जाळलेलं नवं कोरं ओकचं पिंप वापरायची कायद्याची सक्ती आहे. एकदा वापरलं की त्यात पुन्हा बर्बन मुरवता येत नाही, मग ती पिंपं स्कॉटलंडला विकली जातात. साधारण २०० लिटरचं हे पिंप व्हॅनिला, मध, ओलं खोबरं असे वास देतं. दुसरं घराणं स्पेनच्या शेरीचं. शेरी म्हणजे तिथली मद्यार्क घालून कडक केलेली वाइन, तिचं मोठं पिंप ५०० लिटरचं. ते मनुका, खारीक, अक्रोड, लवंग अशा बाजूला नेतं. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला यायची आणि रिकामी पिंपं आयती मिळायची. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करणं आलं आणि हा पुरवठा आटला. आता व्हिस्कीवाले मुद्दाम शेरी भरून पिंपं तयार करून घेतात. ती महाग पडतात, म्हणून शेरी पिंपातली स्कॉचही सहसा महाग पडते.

हा फरक बघायला माझी आवडती जोडी: ग्लेनमॉरंजी ओरिजिनल आणि ग्लेनड्रोनॅक १२. पहिली बर्बन पिंपातली, संत्र्याची साल, व्हॅनिला, अंगाने हलकी. त्यांची स्टिल्स स्कॉटलंडमधली सगळ्यात उंच, पाच मीटरच्या वर, त्यामुळे जड वाफा वरपर्यंत पोचतच नाहीत. दुसरी शेरी पिंपातली, काळ्या मनुका आणि दाट गोडी. आता दोन्ही बाटल्यांवरचा प्रदेश वाचा. दोन्हींवर हायलँड! म्हणून सुरुवातीला प्रदेशांचे नकाशे पाठ करत बसू नका. हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाऊन आणि आयला हे पाच प्रदेश कायद्यात आहेत, पण आज प्रदेशाच्या नावापेक्षा लेबलवरचं पिंपाचं नाव जास्त सांगतं. बाटलीवर बर्बन, ओलोरोसो किंवा पीएक्स दिसतंय का ते शोधा. शेवटचे दोन शब्द शेरीचे प्रकार आहेत, पीएक्स म्हणजे फार गोड शेरी. "फिनिश" असं लिहिलं असेल तर व्हिस्की बहुतेक काळ एका पिंपात राहून शेवटी थोडा काळ दुसऱ्या पिंपात गेलेली असते.

रिकामे ग्लास रात्री लगेच धुऊ नका. सकाळी अल्कोहोल उडालेलं असतं आणि तळाशी फक्त लाकूड आणि धूर उरतो. ज्यांना रात्री वास "सारखेच" वाटले होते त्यांनाही सकाळी फरक कळतो. घरच्यांना मात्र आधी कल्पना देऊन ठेवा.

आता धूर. बार्लीला मोड आले की ते थांबवायला ती वाळवावी लागते. स्कॉटलंडच्या बेटांवर झाडं कमी, म्हणून तिथे जाळायला पीट वापरायचे: दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेल्या वनस्पतींचा थर, विटांसारखा कापून वाळवलेला. त्याच्या धुरातली फिनॉल नावाची, धुराचा वास देणारी रसायनं बार्लीला चिकटतात. मोजमाप पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग असं, सांगतात. आयलावरच्या डिस्टिलऱ्यांपैकी लागावूलिनची बार्ली ३५च्या आसपास, आर्डबेगची ५०च्या पुढे. पण हा आकडा बार्लीचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. गाळताना आणि मुरताना तो बराच उतरतो. तेव्हा आकड्यांवरून कडकपणाची पैज लावू नका.

आयलाचीच लफ्रॉइग १० पहिल्यांदा हुंगली की माणूस दचकतो. टिंक्चर आयोडीन, जळलेली दोरी, समुद्राचं शेवाळ. काही जण तिथेच तिच्या प्रेमात पडतात, बाकीचे बाटली मित्राला देऊन टाकतात. मधला मार्ग मी फार कमी पाहिलाय. म्हणून धुराची पहिली बाटली म्हणून मी टॅलिस्कर १० सुचवतो. स्काय बेटावरची, ४५.८ टक्के, धूर आहे पण सोबत मिरी, मीठ आणि गोडीही आहे. ती रुचली तर लागावूलिन १६, मग लफ्रॉइग, मग आर्डबेग. आणि "आयलाची म्हणजे धुराची" हेही धरून बसू नका. त्याच बेटावरच्या बुनाहावन १२मध्ये धूर जवळजवळ नाही, उलट शेरीची गोडी आहे. लफ्रॉइग आणि बुनाहावन शेजारी ठेवून बघा, बेट एकच असूनही फरक लगेच कळेल.

वयाचं काय? बाटलीवरचा आकडा हा आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो. १२ लिहिलं असेल तर आत १५ची असू शकते, ११ची नाही. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून दरवर्षी साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. १८ वर्षांत जवळपास ३० टक्के गेली. त्यात गोदाम, विमा, अडकलेलं भांडवल, हे सगळं तुमच्या बिलात येतं. म्हणजे १८ वर्षांची व्हिस्की महाग का, याला सरळ कारण आहे. चांगली असेलच याला मात्र नाही. जास्त वर्षं मुरली की लाकूड वरचढ होऊन कडवटपणा येऊ शकतो, आणि धूर तर वयाबरोबर मऊ पडत जातो. धुरासाठीच घेत असाल तर १० वर्षांची जास्त बोलते. तुमच्या मित्रांची १८ वर्षांची व्हिस्की वाईट नसते, पण तिच्यातलं बारीक नक्षीकाम कळायला आधी डझनभर साध्या व्हिस्की नाकाखालून जायला हव्यात. आज घेतलीत तर पैसे व्हिस्कीला जातील आणि तुम्हाला फक्त "स्मूद" कळेल.

वय न लिहिलेल्या बाटल्याही असतात. त्या आपोआप कमअस्सल ठरत नाहीत. शेरी पिंपातली अ‍ॅबरलॉर अबुना वय सांगत नाही आणि उत्तम आहे. पण "रेअर", "रिझर्व्ह", "फाइनेस्ट" या शब्दांना ठरलेली व्याख्या नाही. ते शब्द जितके ठळक, तितकं बारीक अक्षर नीट वाचा.

चव घेण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक सल्ले ब्रिटिश घरांसाठी लिहिलेले असतात. "रूम टेंपरेचरला प्या" म्हणतात, पण ती रूम त्यांची, १८-२० अंशांची. मे महिन्यात पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर ३२ अंशांत व्हिस्की ओतलीत तर अल्कोहोल भसकन नाकात शिरतं आणि दुसरं काही कळतच नाही. बाटली घरातल्या सर्वांत थंड कपाटात ठेवा, चव घ्यायच्या आधी ग्लास थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. तरीही फार उष्ण वाटलं तर एक लहानसा बर्फाचा तुकडा घाला, कुणी काही म्हणणार नाही. भरपूर बर्फ मात्र नाक बधिर करतो, वासच उठत नाही.

ग्लास खाली फुगीर आणि वर निमुळता हवा. ग्लेनकेर्न नावाचा ग्लास यासाठीच बनवलेला आहे, पण लहान वाइन ग्लासनेही भागतं. सरळ कडांचा रुंद ग्लास सोड्यासाठी ठीक, हुंगायला निरुपयोगी. २०-३० मिली ओता आणि पाच मिनिटं तसाच राहू द्या. नाक आत खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून कडेवरून हुंगा. पहिला घोट फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून, मत दुसऱ्या घोटावर बनवा. मग चमच्याने थोडं साधं पाणी घाला आणि परत हुंगा. ४६ टक्क्यांच्या वरच्या व्हिस्की पाणी पडल्यावर खुलतात, काही थोड्या ढगाळही होतात. त्यात बिघाड काही नाही. बाटलीत भरण्याआधी थंड करून फिल्टर केलेली नसल्यामुळे तिच्यातले तेलकट घटक शाबूत असतात, एवढंच.

वासांची नावं इंग्रजी चिठ्ठीतून उचलू नका. तिथे लिहिलेला "ख्रिसमस केक" तुम्ही लहानपणी खाल्लेला नसेल, पण खजूर, भाजलेलं कणीस, फणसाचे गरे, लाकडाच्या वखारीचा वास तुम्हाला पक्के माहीत आहेत. तेच शब्द वहीत लिहा. एका बैठकीत दोन, फार तर तीन व्हिस्की. धुराची नेहमी शेवटी. चकणा चव घेऊन झाल्यावर. तिखट शेव आणि मसाला पापडानंतर मनुका-बिनुका काही सापडत नाहीत. मधेच तोंडात टाकायला मारी बिस्किट आणि पाणी पुरे. नंतर हवं ते खा. टॅलिस्करबरोबर तव्यावरची सुरमई फार जमते. आणि गाडी घेऊन आला असाल तर ती तिथेच राहू द्या.

सोडा वाईट का? मुळीच नाही. ब्लेंड सोड्यात छानच लागतात. फक्त महागडं माल्ट सोड्यात बुडवून पैसे वाया घालवू नका, त्यासाठी टीचर्स आहे.

आता खरेदी. स्कॉच इथे महाग असण्याचं मोठं कारण कर आहे: बरीच वर्षं मूळ आयात शुल्क १५० टक्के, वर राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट. जुलै २०२५मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ते शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. त्याने किंमत निम्मी होईल अशी आशा धरू नका, राज्याचा हिस्सा तसाच राहतो.

म्हणून मावसभावाचा उपयोग नीट करून घ्या. जाणत्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ब्रिटनमधली नेहमीची बाटली ७०० मिलीची, म्हणजे दोन आरामात बसतात. तीन झाल्या की २.१ लिटर, आणि कस्टम्सवर तेवढ्यासाठी वाद घालावा लागतो. त्याला विमानतळावर न घेता तिथल्या सुपरमार्केटात बघायला सांगा, बऱ्याचदा स्वस्त पडतं. फक्त बाटल्या चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून. काय आणायचं? ग्लेनड्रोनॅक १२ आणि टॅलिस्कर १०. एक शेरीची गोड, एक धुराची खारी. बर्बन पिंपाकडची बाजू बघायला ग्लेनलिव्हेट १२ किंवा ग्लेनमॉरंजी पुण्यात बारमध्ये स्मॉल घेऊन भागेल.

इथे विकत घेताना महाराष्ट्रात परमिट लागतं हे विसरू नका. कडक मद्यासाठी वय २५ पूर्ण हवं. गोव्यात किंमती कमी दिसतात, पण परवान्याशिवाय तिथून बाटल्या गाडीत टाकून सीमा ओलांडणं इथे गुन्हा आहे. गोव्यात गेलात तर तिथेच प्या, आणि जमलं तर कुंकळ्ळीच्या पॉल जॉनची भारतीय सिंगल माल्ट चाखा. ती स्कॉच नाही, कारण ती स्कॉटलंडमध्ये मुरलेली नाही. पण गोव्याच्या उकाड्यात व्हिस्की लाकडातून चव फार वेगाने घेते आणि उडतेही फार वेगाने, त्यामुळे तिथे १२ वर्षं थांबायची चैन परवडत नाही. वय आणि चव यांचं नातं किती सैल आहे हे याहून नीट कुठे कळणार नाही.

"ड्यूटी फ्रीची आहे, घे स्वस्तात" म्हणून ओळखीच्या ओळखीतून येणाऱ्या बाटलीपासून लांब राहा. बनावट मालाचा धंदा खऱ्या रिकाम्या बाटल्यांवर चालतो. फोडलेली बाटली उभी ठेवा, आडवी नको, अल्कोहोल बूच खातं. उन्हापासून दूर, आणि पातळी पावभर उरली की दोन-तीन महिन्यांत संपवा, आतल्या हवेने चव पडत जाते. संपल्यावर भंगारवाल्याला देण्याआधी लेबल फाडा आणि बूच वेगळं टाका. खोकाही सोबत देऊ नका, बनावटवाल्यांना तोही लागतो.